कमावता नवरा

ती. दादास,


फोनवर बोलताना आजूबाजूला माणसं होती, म्हणून लिहिते. ‘संसार गळ्यात पडला की पोरगं आपोआप कमवायला लागेल,’ असं तू म्हणालास. म्हणूनच मुलासाठी स्थळ बघायची घाई ना?

लग्न झालेले पुरुष सड्यांपेक्षा जास्त कमावतात, हे खरंच. अमेरिकेत यावर ढीगभर अभ्यास झालेत. कोरेनमन आणि न्यूमार्क या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये लग्नानंतर पगार वाढत जातो असं मांडलं. पण लुडविग आणि ब्रुडर्ल यांनी २०१८ मध्ये माणसांची लग्नाआधीची वर्षंही तपासली, तेव्हा चित्र पालटलं. ज्यांचा पगार आधीपासूनच चढता, तेच जास्त करून बोहल्यावर चढले होते.

आपल्याकडे तरी वेगळं काय? डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात नवरदेवांचा मोर्चा निघाला होता. पोरं नटूनथटून, घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर कचेरीवर गेली, लग्नाला मुली मिळेनात म्हणून. लोक हसले, मला काही हसू आलं नाही. गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा ही त्यांची मागणी रास्तच होती. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. पण आहेत त्या मुलींच्या बापांनाही शेती हवी, शेतकरी नको. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पगाराची तारीख ठरलेली असते. डाळिंबावर तेल्या रोग आला की बाग गेली.

आता तुझंच बघ. लग्नानंतर तू सुधारलास असं आई सगळ्यांना सांगायची. पहाटे धारा कोण काढतं? वैरण, शेण, वासरांना पाजणं कोण बघतं? वहिनीच ना? दर दहा दिवसांचं डेअरीचं बिल मात्र तुझ्या खात्यावर. देशभरच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २९९ मिनिटं देत होत्या, ते करणारे पुरुष ९७. लग्नाने पुरुषाची कमाई वाढते म्हणतात, त्यात हे किती मिसळलेलं असतं ते आपण मोजत नाही.

तेव्हा पोराचं आधी ठिबकचं आणि गाईंचं बस्तान बसू दे. लग्नासाठी सोसायटीचं नवं कर्ज काढू नकोस. मुलीकडचे आले की सातबाऱ्याबरोबर बोज्याचा आकडाही दाखव. आणि डेअरीत वहिनीच्या नावाचं खातं या महिन्यातच उघड.

तुझी,
बहीण