मांजरीच्या मैदानावर, कॅमेरा घेऊन

मांजरी म्हटलं की आमच्या घरात आजवर दोनच विषय निघायचे, ऊस आणि द्राक्षं. सोलापूर रस्त्यानं हडपसरची गर्दी मागे टाकली की डाव्या हाताला मांजरी बुद्रुक लागतं. मुळा-मुठेच्या पलीकडच्या काठाला मांजरी खुर्द. साखर कारखानदारांची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच, १९७५ साली ती डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावानं सुरू झाली. द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही १९९७ पासून इथे आहे. तिथं रसासाठी तयार केलेल्या काळ्या द्राक्षाचं नावच मुळी ‘मांजरी मेडिका’! २०२१ साली गाव पुणे महापालिकेत आलं आणि आता दोन उंच इमारतींच्या मधे एखादाच उसाचा फड डोकावतो.

पण गेल्या हिवाळ्यात मी मांजरीला गेले ती ऊस बघायला नव्हे, तर लेकीचा फुटबॉलचा सामना बघायला.

त्याचं असं झालं. २०२२ साली महिलांच्या आशियाई चषकाचे काही सामने आपल्या बालेवाडीत झाले. ते टीव्हीवर बघून आमच्या धाकटीनं जे फुटबॉलचं मनावर घेतलं, ते कॉलेजच्या संघात शिरूनच थांबली. सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. “अर्ध्या चड्डीत चेंडूमागे धावायचं, तेही शेवटच्या वर्षाला?” ह्यांचंही मत “यंदा पुरे” असंच. लेक तशी घुमी. उलट उत्तर द्यायची नाही, मुकाट्यानं बूट पुसत बसायची. सामन्याच्या आदल्या रात्री मला हळूच म्हणाली, “आई, एकदा येऊन बघ तरी.”

मी निघालेय म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “जातेसच तर फोटो काढून आण. काय असतं ते मलाही कळू दे.” झालं! ह्यांचा कॅमेरा कपाटातून बाहेर आला.

स्वारगेटहून हडपसरची बस धरली, गाडीतळावर उतरून रिक्षा केली. पुणे-दौंड मार्गावर मांजरी बुद्रुक नावाचं छोटं स्टेशनही आहे. रिक्षा कॉलेजच्या फाटकाशी थांबली तेव्हा साडेतीन वाजत आले होते. मैदान तांबड्या मातीचं, एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या. पायऱ्यांवर पोरापोरींचा नुसता कल्ला! आईच्या वयाच्या आम्ही दोघी-तिघीच. मी डबा, पाण्याची बाटली आणि कॅमेरा सांभाळत मधल्या पायरीवर जागा धरली.

शिट्टी वाजली आणि माझी तारांबळ सुरू झाली. चेंडू इकडे गेला की कॅमेरा इकडे, तिकडे गेला की तिकडे. बटण दाबेपर्यंत चेंडू भलतीकडेच पोचलेला! शेजारी कॉलेजचा एक मुलगा कॅमेरा घेऊन बसला होता. माझी धडपड बघून म्हणाला, “काकू, शटर हजारावर ठेवा, निदान पाचशेवर तरी. नाहीतर पाय पुसट येतील.” म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतीच झडप उघडते आणि धावणारा पाय जिथल्या तिथे थांबतो. त्यानंच बदलून दिलं.

मध्यंतराला काढलेले फोटो बघितले. शंभरावर होते. त्यात लेक किती? तीन! एकात पाठ, एकात अर्धा खांदा, एकात कुणाच्या तरी वेणीमागे कपाळ. माझा चेहराच उतरला. घरी काय दाखवायचं?

“तुमची कुठली?” त्या मुलानं विचारलं.

“ती, मागे उभी असते ती. पाच नंबर.”

“बॅक आहे होय! मग चेंडूमागे जाऊन ती कशी सापडेल? काकू, चेंडू सोडा, तुमची पोरगी धरा.”

उत्तरार्धात मी चेंडूकडे पाहायचंच सोडलं. कॅमेरा तिच्यावर रोखून बसले. आणि काय सांगू! चेंडू दूर असताना ती नुसती उभी नव्हतीच. दोन पावलं पुढे, चार मागे. हात लांब करून कुणाला डावीकडे पाठवत होती, कुणाला मागे बोलवत होती. आणि ओरडत होती, अगदी घसा फोडून! जेवताना “मीठ दे” म्हणायचं तरी पुटपुटणारी माझी मुलगी दहाजणींना हुकूम सोडत होती, आणि त्या ऐकत होत्या.

आमच्या बाजूनं गोल झाला तो मात्र मला दिसलाच नाही. मी हिच्याकडेच पाहत होते ना! पण गोल झाल्याबरोबर मैदानाच्या मागच्या टोकाला एकटीच दोन्ही हात वर करून उभी राहिलेली ती, हा फोटो मला मिळाला. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला.

तुमच्याही घरात कुणी खेळाडू असेल, तर त्या दिवशी शिकलेल्या चार गोष्टी सांगून ठेवते. दुपारच्या सामन्याला मैदानाच्या पश्चिमेला बसावं, म्हणजे ऊन आपल्या पाठीशी आणि खेळाडूंच्या चेहऱ्यावर राहतं. अगदी पहिल्या पायरीवर बसू नये, पुढून येणारे-जाणारे आड येतात. कॉर्नर किक मिळाली की आधीच तयार राहावं. सगळ्याजणी गोलपाशी गोळा होतात, चेंडू कुठे येणार हे आपल्यालाही ठाऊक असतं आणि चेहरे छान मिळतात. दुसऱ्यांच्या मुलींचे फोटो मात्र विचारल्याशिवाय कुणाला पाठवू नयेत. आणि शेवटची पाच मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेवून नुसत्या डोळ्यांनी सामना बघावा. मी हे केलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे.

घरी आल्यावर मोजक्या सहा फोटोंच्या प्रती काढून आणल्या. सासूबाईंनी चष्मा पुसला, एकेक फोटो लांब धरून पाहिला. हात लांब करून ओरडणारी नात दिसली तिथे थांबल्या.

“ही कुणावर रागावलीय एवढी?”

“रागवत नाही गं आजी,” लेक म्हणाली, “सांगतेय. मागे उभं राहिलं की सगळं मैदान दिसतं ना. पुढच्यांना नाही दिसत. मग मागच्यानं सांगायचं असतं.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. ज्या बाईनं चाळीस वर्षं स्वयंपाकघरातून सगळं घर चालवलं, तिला यात काय उमगलं असेल ते मी विचारलं नाही. चड्डीचा विषयही त्या दिवशी निघाला नाही. ह्यांनी तो फोटो दोनदा हातात घेतला आणि खाली ठेवला.

पुढच्या वर्षी तिनं खेळायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. पण परवा जेवताना ह्यांनी तिला तो विषय काढून विचारलं, “तुला काय वाटतं?” आणि तिनं उत्तर दिलं. पुटपुटत नव्हे, चांगलं ऐकू येईल असं. फोटो सासूबाईंच्या कपाटाच्या काचेत खोचलेला आहे.