वळण

मराठीत 'वळण' हा शब्द मोठा सोयीचा आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला असते आणि मुलांना ते लावावे लागते. पहिल्या दोहोंचे आपले आपण निभते. तिसऱ्यासाठी मामा लागतो. म्हणून ताईने अकरावीतल्या चिरंजिवांना सुट्टीत माझ्याकडे रवाना केले. "याला जरा वळण लाव बाबा. दिवसभर त्या गाडीत डोकं घालून बसतो!"

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, दोन-अडीच वीत लांबीची, खडकांवर चढणारी. तिला रॉक क्रॉलर म्हणतात. मलिक अंबराने १६१० साली वसवलेल्या आमच्या गावाचे नावच मुळी खडकी होते. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात या वाहनाची आबाळ होण्याचे कारण नाही. गोगाबाबा टेकडीवर ती झकास चढे. पण वळत नसे. पुढची चाके जेमतेम ३० अंशांत वळत, भाच्याला हवे होते ४५. हा कोन तो कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजत होता. भूमितीच्या तासांना त्या कोनमापकाने एवढे काम केल्याचे कोणाला आठवत नाही.

दाजींचा फोनवरून सल्ला तयारच होता, "जास्त ताकदीची मोटर बसव. वळत नाही म्हणजे काय?" मुलांच्या बाबतीतही त्यांचे हेच धोरण आहे.

भाचा मला म्हणाला, "मामा, चाकं वळवणारी सर्वो मोटर चांगली दणकट आहे हो. चाक कुठंतरी अडतंय. अडलेल्या चाकावर जोर लावला तर सर्वो तापते आणि शेवटी जळते."

मग आम्ही अडते कुठे ते शोधत बसलो. रिमोटमध्येच सर्वोच्या फिरण्याला मर्यादा घातलेली असते. ती आधी सैल केली. मग दिसले, की चाकाचा सांधा आसाच्या प्लॅस्टिकवर टेकतो. तिथे कानस चालवली, तीही बेताने, कारण जास्त घासले तर सांधाच मोडायचा. पुढे टायर दांडीला घासू लागला, म्हणून चाक थोडे बाहेर घेतले.

"आपल्या रिक्षाला नाही असला त्रास," मी म्हणालो. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, तेव्हापासून तीनचाकी म्हणजे आम्हाला घरचेच माणूस. गुलमंडीच्या गर्दीत ती जागच्या जागी फिरते.

"रिक्षाचं पुढचं चाक नुसतं वळतं, मामा. ओढायचं काम मागच्या चाकांचं. क्रॉलरच्या पुढच्या चाकाला ओढायचंही असतं आणि वळायचंही. कोन वाढला, की साधा सांधा एका फेऱ्यात दोनदा मंदावतो, दोनदा धावतो. म्हणून गाडी हिसके देते."

मला उगाच संसारी माणसाची आठवण झाली.

वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त का वळावे लागते, हेही त्याने कागदावर काढून दाखवले. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या बग्गीवाल्याची ही युक्ती. १८१८ साली लंडनला तिचे पेटंट ॲकरमनने घेतले आणि नाव झाले ॲकरमनचे. कोणत्याही ऑफिसात पटेल अशी ही हकिगत आहे.

"एवढं सगळं येतं, मग फिजिक्समध्ये मार्क का नाहीत?" मी विचारले.

तो कानस पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "दहावीपर्यंत मराठी शाळा होती ना, मामा. आता सर इंग्रजीतून भराभर सांगतात. पहिलं वाक्य लावेपर्यंत चौथं येतं. विचारलं तर सगळे हसतात. बाबांना सांगितलं, तर ते अजून एक क्लास लावतील."

म्हणजे इथेही मोटर मोठीच बसवायची होती!

त्या रात्रीपासून आम्ही प्रत्येक धडा आधी मराठीत बोलतो, मग इंग्रजीत वाचतो. गाडी ४२ अंशांपर्यंत आली आहे. ताईला मी फोनवर सगळे सांगितले, तिला पटले. दाजी मात्र अजून ३० अंशांवरच आहेत. हरकत नाही, कानस आमच्याकडे आहे आणि घाई तर कोणालाच नाही.