गळ टाकायचा तर असा

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आमच्याकडची पोट्टी पाण्याकडे धावतात. कापसाच्या वेचणीत त्यांची लुडबुड नको म्हणून आपणही "जा बापा" म्हणून मोकळे होतो. राजुऱ्याच्या अंगाने वर्धा वाहते, शिवारात नाले आहेत, गावाबाहेर तलाव आहे. हातात कधी गळ धरला नाही असा पोरगा इकडे विरळाच. यंदा गावातल्या चार जणांनी या पोरांची गळस्पर्धा घ्यायचे मनावर घेतले आहे. वाचकहो, उद्या तुमच्याही गावी कोणाच्या डोक्यात हे येईल, म्हणून आमच्या बैठकीत जे बोलणे झाले ते तुमच्या कानावर घालते.

मासे धरण्याची कसली आली स्पर्धा, असे तुम्ही म्हणाल. पण मुंबईला पवई तलावावर गळाचा नाद असणाऱ्यांची जुनी संघटना आहे, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. परदेशात तर लहान मुलांच्याही अशा स्पर्धा भरतात आणि मासा मोजून परत पाण्यात सोडतात. मासा धरून सोडायचा, हे ऐकून बैठकीत हशा झाला. झाला तर झाला. मला बोलायचे होते ते गळाच्या सामानाबद्दल.

दुकानातून पोरे गळ आणतात तेव्हा त्याबरोबर नायलॉनचा तंगूस आणि शिशाच्या चिरलेल्या गोळ्या येतात. गोळी दोऱ्यात अडकवून ती दाबायची असते. पक्कड कोण शोधतो? पोरगा ती दातांत धरून चावतो. मायबाईंनो, हे एकदा डोळ्यांनी बघा. शिसे हे विष आहे आणि मोठ्यांपेक्षा ते लेकरांच्या मेंदूला जास्त बाधते. अमुक इतके पोटात गेले तरी चालते, असे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेनेही ठेवलेले नाही.

आपली कोंबडी दाणे दळायला बारीक खडे टिपते की नाही? पाण्यातले बदक आणि हंसही तेच करतात. तळाशी पडलेली शिशाची गोळी त्यांना खड्यासारखीच दिसते. इंग्लंडात नद्यांवरचे हंस असे मरू लागले, तेव्हा तिथे १९८७ सालापासून गळाच्या लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या तलावावरही हिवाळ्यात बदके उतरतात.

तंगुसाचे दुखणे निराळे. तो कुजत नाही. काठावर तुटून पडलेला तुकडा तुमच्याआमच्या पुढच्या पिढीलाही तिथेच सापडेल. गेल्या उन्हाळ्यात आमची कालवड तलावाच्या काठी चरत होती. घरी आली ती लाळ गाळत, चाऱ्याला तोंड लावेना. जबडा उघडला तर गवताबरोबर गळ गेलेला, ओठाच्या आत रुतलेला, आणि हातभर तंगूस घशाकडे उतरलेला. चार माणसांनी धरून ठेवली तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी तो काढला. दूध नसलेल्या घरात ती कालवड म्हणजे आमची पुढची चार वर्षे होती. त्याच आठवड्यात पायाला दोरा गुंडाळलेला एक बगळा बांधावर लंगडत होता. तो काही हाती लागला नाही.

मग स्पर्धेला सामान कोणते? आमच्या सासऱ्यांचा जुना गळ अजून आढ्याला खोचलेला आहे, तोच मी बैठकीत नेला. काठी बांबूची. दोरा सुती, दुहेरी पिळलेला आणि मेण लावलेला. आपण कापसाच्या मुलखातली माणसे, दोरा काही मुंबईहून आणावा लागत नाही. एवढेच की काम झाल्यावर तो वाळवून ठेवावा लागतो, नाही तर कुजतो. पूर्वी सुती जाळी टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा सोललेला तुकडा. वजनाला शिशाऐवजी लोखंडी नट किंवा भोकाचा लहानसा खडा. गळाचा उलटा दात पक्कडीने चेपून टाकायचा, म्हणजे मासा फारसा फाटत नाही आणि बोटात घुसला तर पोराचे बोटही नाही. अशा गळाचा दोरा जरा सैल पडला की मासा सुटतो, हे खरे. सुटू द्या, पोरगा दोरा ताणून धरायला शिकेल.

स्पर्धेची वेळ ठरवतानाही विचार लागतो. पावसाळ्याच्या आरंभी मासे अंडी घालतात. मरळ तर आपल्या लालसर पिल्लांच्या थव्याला राखत फिरते. तेव्हा तिला उचलली की बाकीचे मासे त्या पिल्लांचा फन्ना उडवतात. म्हणून आषाढ-श्रावणात नको, दिवाळीनंतर. तेही सकाळी चांगले उजाडल्यावर आणि मोठ्या माणसांच्या पहाऱ्यात, पोहता येणारे दोघे काठावर ठेवूनच. २०२० च्या ऑक्टोबरात राजुऱ्याच्या जंगलातला आरटी-१ वाघ पकडला गेला. त्याआधी त्याने किती घरे रडवली हे इकडच्या माणसाला सांगायला नको. झुंजूमुंजू आणि दिवेलागण, दोन्ही वेळा पाण्याकाठच्या नव्हेत.

तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तिला आधी विचारा. तिने सोडलेले बीज म्हणजे तिचे पीकच आहे. उभ्या कपाशीत कोणी न विचारता शिरले तर आपल्याला चालेल का? आमच्या गावचे एक वयस्क ढिवर पंच व्हायला तयार झाले आहेत, पण त्यांच्या अटी आहेत. मासा ओल्या हाताने धरायचा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. तो तोलायचा नाही, खुणा केलेल्या काठीवर मापायचा आणि लगेच सोडायचा. आणि निम्मे गुण ओळखीला. रोहू, कटला, मृगळ, मरळ, मांगूर, जो लागेल त्याचे नाव पोराला सांगता आले पाहिजे. मच्छरदाणीने बारीक पिल्ले ओढणाऱ्याला किंवा ब्लीचिंगची भुकटी टाकणाऱ्याला भागच घेऊ देणार नाहीत. पाण्यात विष टाकून मासे मारण्याला कायद्यानेच मनाई आहे, हे बैठकीत निम्म्या लोकांना नवीनच होते.

राहिला तो हशाचा प्रश्न. आमचा धाकटा विचारत होता, सगळे मासे परत सोडले तर संध्याकाळी भाजी कशाची? संस्थेकडून चार किलो रोहू विकत घ्यायचे ठरले आहे. मसाला वाटायचे काम माझ्याकडे आले आहे, आणि पोरे किती येतील याचा नेम नसल्याने मी आताच सहा किलोंचा हिशेब धरून ठेवला आहे.