मु. पो. इयत्ता चौथी

आमच्या वर्गात त्याची जागा ठरलेली आहे. फळ्याच्या डाव्या अंगाला दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणली आहे आणि तिच्यावर ते कपड्यांच्या चिमट्यात लटकतं. वारा आला की गिरकी घेतं. कधी पत्ता दिसतो, कधी मजकूर. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटं धुऊन आलेली मुलं ओले हात आधी कपड्यांना पुसतात आणि मगच त्याला हात लावतात. एवढी काळजी आमच्या वर्गात पाठ्यपुस्तकाचीही कुणी घेत नाही.

ते म्हणजे पोस्टकार्ड. १४ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद. जाड म्हणावं तर पुठ्ठा नव्हे, पातळ म्हणावं तर नुसता कागदही नव्हे. रंग फिकट पिवळसर, उन्हात राहिलेल्या जुन्या वहीसारखा. उजव्या कोपऱ्यात तिकीट छापलेलंच असतं, त्यामुळे प्रवासाची त्याची तयारी कायम झालेली. त्याखाली पत्त्याच्या ओळी आणि तळाशी सहा चौकोन. किंमत ५० पैसे. आमच्या वर्गात २३ मुलं आहेत. साडेअकरा रुपयांत अख्खा वर्ग सह्याद्री उतरून समुद्रापर्यंत जातो, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

त्याचा स्वभाव उघडा. अंगावर पाकीट नाही, पोटात काही दडवलेलं नाही. बंद पत्र ज्याच्या नावाचं त्याच्यासाठीच असतं. कार्ड वाटेत भेटेल त्याला वाचू देतं. माझ्या लहानपणी आमच्या घरी कार्ड आलं की आजी ते आधी हातात घ्यायची. तिला अक्षरओळख नव्हती. ती फक्त चार कोपरे पाहायची. कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं असलं की लग्नकार्य. कोपरा फाडलेला असला की ते कार्ड उंबऱ्याच्या आत येत नसे. अंगणातच कुणाकडून तरी वाचून घ्यायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीही या कागदानं कोपऱ्यांची एक लिपी ठेवली होती. निरक्षर माणसाला त्यानं कधी दारातून परत पाठवलं नाही.

त्याचं घराणं फार जुनं नाही. थोडक्या मजकुरासाठी कागद, पाकीट, लांबलचक मायना आणि जास्तीचं टपाल यांचा खर्च कशाला, असा प्रश्न ऑस्ट्रियातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक इमॅन्युएल हेरमान यांनी विचारला, आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपाल खात्यानं पहिलं कार्ड विकायला काढलं. दहा वर्षांच्या आत, १ जुलै १८७९ रोजी, ते हिंदुस्थानात पाव आण्याला मिळू लागलं. कमी खर्चात, कमी शब्दांत, कुणालाही लिहिता यावं यासाठीच ते जन्माला आलं. शाळेला हवा असलेला गुण तो हाच. 'पान भरून लिहा' म्हटलं की नऊ वर्षांच्या पोराच्या हातातली पेन्सिल जड होते. कार्ड पान भरायला सांगत नाही. तुझ्याजवळ आहे तेवढं दे, म्हणतं.

पण त्याची माझी खरी ओळख व्हायला माझी एक चूक घडावी लागली.

आमची शाळा जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डोंगराच्या कुशीत. एका प्रशिक्षणात मालवणकडच्या एका शाळेतले गुरुजी भेटले. बोलता बोलता ठरलं, दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन्ही चौथ्यांनी एकमेकींना कार्डं लिहायची. मी उत्साहानं २३ कार्डं आणली. चुका होऊ नयेत म्हणून फळ्यावर अख्खं पत्र लिहून दिलं. 'प्रिय मित्रा, सप्रेम नमस्कार. मी इयत्ता चौथीत शिकतो. माझ्या शाळेचा परिसर निसर्गरम्य आहे.' खाली 'कळावे, लोभ असावा.' मुलांनी सुवाच्य अक्षरात उतरवलं. एकाचीही वेलांटी चुकली नाही. कार्डं पेटीत पडली.

आठवड्याभरानं गुरुजींचं एकच कार्ड आलं, माझ्या नावानं. त्यावर लिहिलं होतं, 'तुमची २३ कार्डं पोहोचली. पत्र मात्र एकच आलं.'

कार्ड उघडं असल्यानं ते माझ्याआधी तीन-चार जणांनी वाचलेलं असणार. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की इतकी वर्षं पत्रलेखन शिकवूनही मुलांना खऱ्या माणसाला लिहायला मी कधी सांगितलंच नव्हतं. परीक्षेतलं पत्र कुणाला असतं? पाठवणारा 'अ. ब. क.', गाव काल्पनिक, काका काल्पनिक, सहलीला जायची परवानगीही काल्पनिक. ते पत्र पेटीत पडत नाही, त्याला उत्तर येत नाही. वाचते एकटी मी, तीही लाल पेन हातात घेऊन, आणि त्यात काय असणार ते मला आधीच ठाऊक असतं. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला मुलानं सांगावं तरी काय? लिहावंसं वाटायला पलीकडे असा कुणीतरी लागतो, ज्याला ते ठाऊक नाही आणि ज्याला ते हवं आहे.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या मास्तरांना उमगली होती. त्यांचं नाव सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झालेला हा तरुण १९२० मध्ये आल्प्सच्या दक्षिण पायथ्याच्या बार-स्युर-लू गावात शिक्षक म्हणून आला. १९२४ मध्ये त्यानं वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपापल्या दिवसांविषयी लिहीत आणि स्वतःच खिळे जुळवून छापत. १९२६ पासून ही पानं फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत जाऊ लागली. तिथले शिक्षक रने दानिएल आपल्या मुलांची पानं इकडे पाठवत. एकीकडे डोंगरातली मुलं, दुसरीकडे दर्यावर्दी गावातली. घरच्या ज्या गोष्टींकडे आपण कधी नीट पाहिलं नव्हतं, त्या दूरच्या मुलांना सांगायच्या म्हणून ही मुलं त्यांच्याकडे नीट पाहू लागली. हे वाचलं तेव्हा मला आमचाच नकाशा दिसला. इथे डोंगर, तिथे दर्या.

दुसऱ्या खेपेला मी फळा पुसून कोरा ठेवला. एवढंच म्हटलं, तिकडच्या मुलांना जे ठाऊक नसेल ते सांगा, आणि जे तुम्हाला ठाऊक नाही ते विचारा. बराच वेळ वर्गात नुसती पेन्सिलीची टोकं चावली जात होती. मग एकीनं लिहिलं, 'आम्ही उन्हाळ्यात आईबरोबर रानात हिरडा गोळा करायला जातो. हाताला तुरट वास येतो.' दुसऱ्यानं विचारलं, 'समुद्र केवढा आहे?'

उत्तरं आली त्या दिवशी मी गणिताचा तास घेतला नाही. हिरडावालीला उत्तर होतं, 'हिरडो म्हणजे काय? खातत काय? आमच्याकडे रापण आसता.' समुद्रवाल्याला होतं, 'शाळेच्या पायरीवरून दिसतो तेवढा मी पाहिला आहे. बाकीचा दिसत नाही.' हे वाक्य त्या पोरानं इतक्यांदा वाचलं की त्याला ते पाठ झालं. आणि मग सगळा वर्ग एकदम, 'बाई, रापण म्हणजे काय?'

मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, विचारा त्यांनाच. पुढच्या फेरीत रापणीची सहा वर्णनं आली, सहा जणांच्या सहा तऱ्हा. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात, मग दोरीला सगळी वाडी लागते. एकीनं लिहिलं होतं की तीही दोर धरते आणि तिच्या घराला वाटा मिळतो. इकडून हिरडा गेला, तिकडून रापण आली. तिकडून 'झील' आणि 'चेडू' आले, म्हणजे मुलगा आणि मुलगी. भिंतीवर आम्ही 'कार्डानं आणलेले शब्द' असा तक्ता लावला, तिथे आता ४१ शब्द आहेत. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं ते प्रांताप्रांतांनी एकमेकांची भाषा आपलीशी करावी म्हणून. आमच्या तक्त्यावर ते स्वप्न एकाच भाषेच्या दोन बोलींपुरतं उतरलं आहे, पण उतरलं आहे.

कार्डाच्या तळाशी असलेले सहा चौकोन मुलांना सगळ्यांत प्रिय. आमचे आकडे ४१०५०२, त्यांचे ४१६६०६. पहिला ४ दोघांचाही, कारण दोन्ही गावं एकाच टपाल विभागात येतात. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन डाकघर. महाराष्ट्रात पिंपळगावं किती आणि वडगावं किती! नुसत्या नावावर कार्डानं जावं कुठे? त्यात देशभरात भाषा आणि लिप्या अनेक. त्यावर उपाय काढला तो एका मराठी माणसानं. संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले मोठे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पिनकोडची पद्धत घडवली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. हे सांगितल्यापासून मुलं चौकोनात आकडे भरताना श्वास रोखतात. एक आकडा चुकला की आपलं कार्ड भलत्याच गावात जाईल, हे त्यांना कळलं आहे. शुद्धलेखनाची एवढी पक्की गरज मी कुठल्याही धड्यातून पटवून देऊ शकले नव्हते.

आता एका कार्डाविषयी.

आमच्या वर्गात खिडकीशी बसणारा एक मुलगा आहे. पहिल्या फेरीत सगळ्यांत देखणं कार्ड त्याचं होतं. फळ्यावरचं अक्षर न् अक्षर तो हुबेहूब उतरवायचा. उतरवलेलं त्याला वाचता मात्र येत नव्हतं. चित्र काढावं तशी तो अक्षरं काढायचा, आणि सुंदर वह्यांमागे हे चौथीपर्यंत झाकलं गेलं होतं. दुसऱ्या खेपेला फळा कोरा होता, तेव्हा त्यानं एक शेळी काढली. कान लोंबते, पुढचा एक पाय दुमडलेला, गळ्यात दोरी. खाली अक्षर एकही नाही. मी फक्त पत्ता घालून दिला.

त्याच्या कार्डाला उत्तर आलं, एका ओळीचं. 'तुझ्या शेळीचं नाव काय?'

उत्तराची कार्डं द्यायला शाखा डाकघराचे काका स्वतः आले होते. कार्ड उघडंच, त्यांनी वाटेत वाचलं होतं. ते त्याच्या हातात देताना म्हणाले, 'काय रे, काय नाव तिचं?' त्यानं सांगायला तोंड उघडलं. काका म्हणाले, 'मला नको सांगू. लिही. मी वाचेन.'

शेळीचं नाव ढवळी. पांढरीशुभ्र आहे म्हणून. आणि नेमकं ढ हे अक्षर. मराठी शाळेत या अक्षरानं किती लेकरांना रडवलं आहे, ते शिक्षकांना ठाऊक आहे. ज्याला येत नाही तो 'ढ'. या मुलालाही ते ऐकावं लागलं होतं. त्या दिवशी तो पहिल्यांदा स्वतःहून माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, 'बाई, ढवळीतला ढ दाखवा.' तक्त्यावर ढगाचं चित्र होतं, ते मी दाखवलं. त्यानं ढ पाटीवर काढला, पुसला, परत काढला. व त्याला येत होता. ळी साठी दुपार गेली. प्रत्येक अक्षर तो आधी तोंडानं म्हणायचा आणि मग लिहायचा. हात आणि तोंड पहिल्यांदाच एका गोष्टीवर होते. मी बाजूला बसून होते आणि मला काही शिकवावं लागत नव्हतं. त्याला शिकवत होती ती मालवणकडची एक अनोळखी मुलगी, जिला ढवळीचं नाव खरोखरच हवं होतं.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर तो कार्ड घेऊन थेट डाकघरात निघाला. पेटीत टाकायला तयार नव्हता. मी मागोमाग गेले. काकांच्या ओसरीवरच डाकघर आहे. लाकडी टेबल, शाईची गादी, पितळी शिक्का. त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला. काकांनी चष्मा लावला. आधी सहा चौकोन तपासले, बोट ठेवून एकेक. मग कार्ड उलटं केलं, दारातल्या उजेडात धरलं, आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, 'ढवळी.'

मगच शिक्का मारला.