खडी होण्याआधी

वाघोलीच्या खाणींतला काळा दगड पुण्याच्या कितीतरी इमारतींत गेला. आधी सुरुंग, मग पोकलेन, मग क्रशर, शेवटी खडी. त्या दगडाच्या पोटात जे निळं होतं, तेही बरंचसं याच वाटेने स्लॅबमध्ये गेलं असणार. माझ्या कपाटात आहे ते वाटेत कुणीतरी उचलून बाजूला ठेवलेलं.

हे निळं म्हणजे कॅव्हन्साइट. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला वाटाण्याएवढा गोळा. भिंगाखाली धरला की कदंबाच्या फुलासारखा चहूबाजूंनी फुललेला, बारीक सुयांचा. १९६७ साली ते अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये पहिल्यांदा सापडलं, पण जगभरचे संग्राहक नाव घेतात ते वाघोलीचं. पेंटागोनाइट हा त्याचा जुळा भाऊ. मूलद्रव्यं तीच, प्रमाणही तेच, अणूंची मांडणी तेवढी निराळी. नुसत्या नजरेने ओळखू जाल तर फसाल.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत गेला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकात मुरलेलं ऊन पाणी बेसॉल्टमधलीच द्रव्यं विरघळवून त्या पोकळ्यांत आलं आणि आतून स्फटिक लावत बसलं. फिकट केशरी स्टिल्बाइट, पांढऱ्या सुयांचं स्कोलेसाइट, नितळ, टोकदार ॲपोफायलाइट. पाषाणच्या टेकड्यांतलं ॲपोफायलाइट तर हिरवं! ते हिरवं आणि वाघोलीचं निळं, दोन्ही व्हॅनेडियमची करणी. निळ्यात तो मुख्य घटक, हिरव्यात जेमतेम अंशभर. हे कळल्यापासून मी ते दोन नमुने शेजारी ठेवते.

या पोकळ्या आपण होऊन उघडत नाहीत. कातळ फुटावा लागतो, आणि नुसत्या स्फटिकांसाठी एवढा कातळ कोण फोडणार? विहीर, रस्ता, घर, काहीतरी दुसरंच हवं असतं. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला, तेव्हाही असे स्फटिक निघाले आणि विलायतेच्या संग्रहांत जाऊन बसले. त्या घाटात हजारो मजूर दगावले. काचेच्या कपाटातल्या चिठ्ठीवर खनिजाचं नाव असतं, फार तर गावाचं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दालनं बघता बघता डोळे दिपतात. मला मात्र सारखं वाटत राहतं, हे पहिल्यांदा कोणाच्या हाताला लागलं?

‘ऊर्जा देणारे खडे’ विकणाऱ्यांशी माझं जमत नाही. जे आहे ते कमी अद्भुत आहे का? पण अस्सल व्यापाऱ्यांशीही खटका उडतोच. ‘ताई, खालचा काळा दगड कापून देऊ? हलकं होईल, दिसेलही छान.’ मी नको म्हणते. तो काळा भाग म्हणजे त्या निळ्याचं गाव. तो कापला की उरतो दागिना, आणि दागिन्यांची मला हौस नाही.

मग मी नेमकी खाण विचारते. उत्तर येतं, ‘पुणे.’ कोणी काढला? ‘खाणीतले लोक आणून देतात.’ त्यांना काय मिळतं, म्हटलं की चहा येतो. तरी मी दर वेळी विचारते; घासाघीस मात्र त्यानंतर जमत नाही.