पेटीचा हट्ट मी का सोडला

घरातली सगळी हत्यारं एकाच पेटीत असावीत, पेटीची जागा एकच असावी आणि तिला हात लावणारा माणूसही शक्यतो एकच असावा, असं मी आयुष्याचा बराच काळ मानत आलो. लोकांना सांगतही आलो. भाच्याने घर बांधलं तेव्हा वास्तुपूजनाला मी पाच कप्प्यांची लोखंडी पेटी नेऊन दिली होती आणि तिच्यात काय कुठे ठेवायचं हे त्याला तासभर समजावलं होतं. आता कोणी विचारलं तर मी त्याच्या उलट सांगतो. हा बदल कसा झाला, ते मोकळेपणाने लिहावंसं वाटतं. पेटीवर माझी श्रद्धा उगाच नव्हती, आणि ती सोडली तेही उगाच नाही.

मी फिटर. माझी सगळी नोकरी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये झाली. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात मँचेस्टरच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जायचा. त्या गावात कापसाच्या यंत्रावर काम करणं याचा मला अभिमान होता, आजही आहे. डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ असतात, रुळाला टेकलेल्या स्थिर पात्या असतात आणि मधे वरखाली होणारी पाती. कापसाचे तंतू रुळाला धरून पुढे ओढले जातात, सरकी पात्यांपाशी अडते आणि खाली पडते. पात्यांचं अंतर जरा चुकलं की सरकी फुटते आणि तिचे तुकडे रुईत जातात. रुळावरच्या खाचा झिजल्या की माल कमी निघतो. दिवाळीनंतर हंगाम लागला म्हणजे शेडमध्ये रांगेने उभ्या असलेल्या जिनांपैकी एखादी तरी रोज हाक मारतेच. फिटर पेटी घेऊन एका जिनपासून दुसऱ्या जिनपर्यंत फिरतो.

जिनिंगमध्ये सगळ्यांत मोठी भीती आगीची. कापसात लोखंडाचा तुकडा राहिला आणि तो यंत्राच्या लोखंडाला घासला, तर ठिणगी पडते. सुटा कापूस ती ठिणगी पोटात घेऊन बसतो, आणि वर धूर दिसेपर्यंत आत बरंच काही पेटलेलं असतं. म्हणून पाळी सुटताना पाने मोजायचे. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा, प्रत्येक पाना आपल्या खाचेत आहे की नाही हे बघितल्याशिवाय पेटीला कुलूप लागत नसे. एक जरी कमी असला तरी माणूस घरी जात नसे. कापसाच्या ढिगात हात घालून शोधायचा. हा नियम मला तेव्हाही योग्य वाटत होता आणि आजही वाटतो. जिनिंगमधल्या कोणाही तरुण फिटरने तो सोडू नये.

नोकरी संपली आणि आम्ही वर्ध्याला राहायला आलो. तो नियमही माझ्यासोबत आला. जिन्याखाली पेटी ठेवली, किल्ली खुंटीला. पेटीतली मांडणी कारखान्यातलीच होती: वरच्या कप्प्यांत पेचकस आणि पक्कड, मधे पाने क्रमाने, खाली हातोडी, छिन्नी, कानशी, पाईप पाना. जात पाहून हत्यार ठेवायचं, ही त्यामागची पद्धत. पाने पान्यांजवळ, कानशी कानशींजवळ. ज्याला हत्यारांची नावं आणि मापं तोंडपाठ आहेत त्याला याहून चांगली मांडणी मिळणार नाही.

पण घरातलं काम शेडसारखं एका छताखाली उभं राहत नाही. पाण्याची टाकी गच्चीवर, नळ मोरीत, स्कूटर पोर्चमध्ये, आणि आमचं थोडं वावर सेलूच्या बाजूला, तिथे विहिरीवर पंप. पेटी भरली की तिला उचलताना एका बाजूला वाकावं लागतं. वय झालेल्या कमरेला ते सोसत नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा स्कूटरवर ठेवलेल्या लोखंडी पेटीच्या कडीला फडक्याशिवाय हात लावता येत नाही. एवढं करून वावरात नेली तर नेमकी त्याच दुपारी घरी मोरीतल्या नळाची चकती गेली. हिने नळाला कापड गुंडाळून सुतळी बांधली आणि मी परत येईपर्यंत बादल्या बदलत बसली. पाना वावरात, वायसरही वावरात, आणि पाणी घरात.

तरीही मी पद्धत बदलली नाही. बदल झाला तो सुनेमुळे. एकदा तिला भाजीच्या सुरीचं टोक घालून कढईच्या दांड्याचा स्क्रू कसताना पाहिलं. मी म्हटलं, "अवं, हात कापला असता ना! पेटीतला पेचकस घ्यायचा."

ती म्हणाली, "बाबा, पेटी मला ओढवत नाही. अन् आतलं काही इकडचं तिकडं झालं तर तुम्हाला आवडत नाही. एक साधा पेचकस बाहेर ठेवा ना."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, साधी मागणी होती. त्यानंतर मी लक्ष देऊन बघू लागलो. हिची शिलाई मशीन अडखळायची तेव्हा ती नाण्याच्या कडेने पट्टीचा स्क्रू फिरवायची. मुलगा सायकलचा नट कसायलाही बाहेरच्या दुकानात जात होता. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी नातवाच्या लाकडी नंदीचं चाक निखळलं, तर तो वरवंटा घेऊन खिळा ठोकत बसला होता. ज्या जिल्ह्यात सिंदी रेल्वे या गावच्या तान्ह्या पोळ्याला लांबून माणसं येतात, तिथल्या पोराला आपल्या नंदीसाठी हातोडी मिळू नये, याचं मला वाईट वाटलं. घरात हत्यारं होती आणि ती घरच्यांपासून लांब होती. कारखान्यात कुलपामागे आगीचं कारण होतं. माझ्या जिन्याखाली तसं काहीच नव्हतं.

वर्ध्यात राहणाऱ्याला हत्यार आणि माणूस यांच्या नात्याचा विचार दूर जाऊन शोधावा लागत नाही. मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पांनी ते उभं केलं. तिथेच ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. मगनलाल गांधींचं नाव त्याला दिलेलं आहे. मी तिथे पूर्वीही गेलो होतो, पण फिटरच्या नजरेने बघितलं ते नोकरी सुटल्यावर. मला धरून ठेवलं ते पेटी चरख्याने. येरवडा चरखा म्हणतात तो. दोन चक्रं, एक मोठं आणि एक लहान, माळ, चाते, सूत गुंडाळायचं अटेरण, सगळं एका चपट्या लाकडी पेटीत. झाकण उघडलं की चरखा तयार, मिटलं की काखेत घेऊन चालायला मोकळे. या पेटीत सूतकताईला लागणारी प्रत्येक गोष्ट आहे आणि सूतकताईला न लागणारी एकही नाही.

त्याच्याही आधी, १९२९ साली, चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख. अटी वाचल्या तर आजच्या कोणत्याही हत्याराला लावता येतील अशा आहेत: यंत्र हलकं असावं, सहज नेता यावं, साध्या खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावं, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, नीट निगा राखली तर वीस वर्षं चालावं. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही, कारण सगळ्या अटी एकाच यंत्रात बसल्या नाहीत. पण त्या अटी मला बरंच शिकवून गेल्या. नेता येणं हा गुण तिथे टिकण्याच्या आणि किमतीच्या बरोबरीने मोजला होता. मी मात्र आयुष्यभर हत्याराचं पोलाद, त्याला दिलेलं पाणी आणि धार बघत आलो. ते कोण उचलणार, हे बघितलं नाही.

आणि १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, जिच्यातून नयी तालीम निघाली. हाताच्या कामातून मुलांनी शिकावं हा तिचा गाभा. मुलाच्या हातात हत्यार द्यायचं तर ते त्याच्या हाताला पोचलं पाहिजे, ही त्यातली अगदी पहिली पायरी. माझ्या घरात तीच गाळलेली होती.

गावातले जुने कारागीर हे न सांगता जाणत होते. न्हाव्याची धोपटी बघा. वस्तरा, कैची, कंगवा, सहाण, पाण्याची वाटी, एवढंच, आणि तेवढ्यात घरोघरचं काम. चांभाराजवळ रापी, आरी, टोच्या आणि मेणदोरा. गवंडी सायकलवर येतो तेव्हा थापी, ओळंबा, गुण्या घमेल्यात असतात आणि घमेलंही कामाचंच असतं. पायी किंवा सायकलवर फिरणाऱ्या माणसाने कामाप्रमाणे हत्यार बांधलं. जातीप्रमाणे हत्यार लावणं ही एका जागी उभ्या असलेल्या कारखान्याची गरज आहे.

म्हणून मी पेटीतली हत्यारं कामाप्रमाणे वाटली. जुन्या ताडपत्रीच्या आणि पोराच्या फाटक्या जीन्सच्या पिशव्या शिवून घेतल्या, आत उभे कप्पे, वर नाडी. घरातल्या रोजच्या कामाची एक पिशवी, ती स्वयंपाकघराच्या दारामागे. नळाची वेगळी: पाईप पाना, वायसर, टेफ्लॉनची टेप, हॅक्सॉचं पातं. सायकल आणि स्कूटरची पोर्चमध्ये: चौदा-पंधराचा पाना, टायर उचलायच्या पट्ट्या, पॅच, सोल्यूशन, पॉलिश पेपर.

वावराच्या पिशवीवर मी सर्वांत जास्त विचार केला, कारण तिथे एखादी वस्तू राहिली तर परत यावं लागतं आणि पऱ्हाटीला पाण्याची पाळी चुकते. टेस्टर, दांड्यांना रबर असलेली पक्कड, दोन पेचकस, स्टार्टरच्या पट्ट्या साफ करायला बारीक पॉलिश पेपर, फ्यूजची तार, इन्सुलेशन टेप, फूटव्हॉल्व्हसाठी चामड्याचा तुकडा, आणि एक चांगली बॅटरी. वीज अनेकदा रात्रीची मिळते, तेव्हा बॅटरी ही हत्यारांत मोजायची. पिशवीच्या आतल्या बाजूला मी कापडावर मार्करने लिहून ठेवलं आहे की आधी मेन बंद, मग टेस्टर, मग हात. थ्री फेजशी खेळताना घाईने माणसं गेलेली आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहेत.

माझ्याच मनात दोन हरकती होत्या. पहिली खर्चाची. प्रत्येक पिशवीत पेचकस आणि पक्कड टाकायची म्हणजे दुप्पट-तिप्पट घ्यावी लागणार. हिशेब केला तेव्हा कळलं की पुन्हा घ्यावी लागतात ती हीच दोन आणि टेस्टर. बाकी हत्यारं एकेका कामाचीच असतात. नाशिकची चांगली पक्कड नीट वापरली तर माणसाच्या आयुष्याला पुरते, हा खर्च मला जड वाटत नाही.

दुसरी हरकत खरी आहे आणि ती पूर्ण मिटलेली नाही. कापड ओल धरतं. लोखंडी पेटीत हत्यार जेवढं कोरडं राहतं तेवढं पिशवीत राहत नाही. मृग लागण्याआधी सगळ्या पिशव्या रिकाम्या करून उन्हात टाकतो, पाने आणि पक्कड यांना शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं फिरवतो. कानशीला तेल लावत नाही, तेलकट कानस लोखंडावर घसरते. ती कोऱ्या कापडात वेगळी गुंडाळतो, कारण कानशीवर कानस आपटली की दोघींचे दात जातात. पटाशीच्या धारेला चामड्याची टोपी. जो हे करणार नसेल त्याने पेटीच ठेवावी, पण हलकी.

हत्यारं हरवतील ही भीती मला होती, ती मात्र फारशी खरी ठरली नाही. पिशवीत एक कप्पा रिकामा दिसला की घरातलं कोणीही विचारतं. पूर्वी ते फक्त मला दिसायचं. सून आता नळाची चकती स्वतः बदलते, आणि शेजारच्या काकूंच्या घरीही तीच पिशवी घेऊन जाते. नातू पोळ्याआधी नंदीची चाकं तेल घालून बघतो.

जुनी पेटी मी विकलेली नाही. जड छिन्न्या, मोठा पाईप पाना, बेअरिंग ओढायचा पुलर, वर्षातून एखाद्या वेळी लागणारं सामान तिच्यात आहे, जिन्याखालीच. कुलूप काढलं आहे.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांना माझी विनंती आहे. या पावसाळ्याआधी एकदा ती ओसरीत रिकामी करा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा की मागच्या वर्षात तुला काय लागलं आणि ते न मिळाल्याने तू काय वापरलंस. पिशव्या कशा भरायच्या हे त्या उत्तरांतून आपोआप ठरेल. तोवर निदान एक पेचकस, एक पक्कड आणि एक टेस्टर स्वयंपाकघराच्या दारामागे टांगा, लहान पोरांच्या हाताला लागणार नाही पण घरातल्या सर्वांत बुटक्या मोठ्या माणसाला स्टुलाशिवाय घेता येईल एवढ्या उंचीवर.