तापीकाठचा बिनतारी सोबती

सुरतेत तापीकाठी उभे राहिले, की २००६ च्या ऑगस्टमधील महापूर आठवतो. उकाई धरणातून सोडलेले पाणी घरांत शिरले, दूरध्वनी मुके झाले. म्हणूनच, परवाना हाती येताच, आम्ही मोटारीसाठी हॅम रेडिओ शोधू लागलो. अनेक तरंगपट्ट्यांचे झगमगते संच (जणू बोहल्यावरचे नवरदेवच!) मोह घालीत होते, आम्ही १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा साधा संच निवडला. बटणे अंधारातही चाचपता यावीत, एवढीच अट. वाचलेले पैसे चांगल्या अँटेनावर खर्चिले: छताच्या मध्यावर अर्ध्या मीटरची काडी. वीज फ्यूज घालून थेट बॅटरीतून घेतली. डुमसच्या किनाऱ्यावरून हाक देताच अडाजणच्या स्नेह्यांनी प्रथम विचारले ते भरतीविषयी. भरती असली, की पुराचे पाणी समुद्रात लवकर उतरत नाही.